पोटातल्या बाळाचा शिधा



मावळातल्या कोणत्याही गावी बाळंतिणीच्या खोलीत शेजारीण डोकावली, की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : मुलगा की मुलगी? दुसरा : बाळंतीण बरी आहे ना? तिसरा प्रश्न त्या मानाने अलीकडचा आहे. बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली, तिथे काटा आला, आणि मग बायका विचारू लागल्या : वजन किती भरलं? "तीन किलो" असे उत्तर आले की सगळ्यांना बरे वाटते. "दोन किलो तीनशे" म्हटले की क्षणभर कोणी बोलत नाही. मग घरातली आजीच बोलते, "बारीक आहे, पण काटक आहे. खाईल-पिईल आणि वाढेल. याचा बापसुद्धा असाच होता."

आजीचे हे बोलणे धीर देणारे आहे, आणि पुष्कळदा ते खरेही ठरते. पण त्या दोन किलो तीनशेच्या मागे नऊ महिन्यांचा एक हिशेब असतो. आईच्या घरात काय आले, आईच्या अंगात काय शिल्लक राहिले, त्यातले बाळापर्यंत किती पोचले, आणि जे पोचले ते बाळाने कुठे खर्च केले, असा तो जमाखर्च आहे. पोटात वाढ खुंटलेले मूल म्हणजे नुसते लहान मूल नव्हे. ते काटकसर करून जगलेले मूल असते. ही काटकसर त्याने कशी केली, हे कळले म्हणजे त्याच्या आईशी आणि पुढे त्याच्याशी कसे वागायचे तेही कळते. आज तेवढेच समजून घेऊ.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. जन्मताच अडीच किलोपेक्षा कमी भरलेल्या बाळाला जागतिक आरोग्य संघटना कमी वजनाचे बाळ म्हणते. २०१९ ते २०२१ या काळात आपल्या देशात जी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली, तीत ज्या बाळांची वजने नोंदलेली होती त्यांतली शंभरांत सुमारे अठरा बाळे अशी होती. पण ही सगळी एका जातीची नव्हेत. काही वेळेआधी जन्मलेली असतात. त्यांना दिवसच कमी मिळाले. काही आईबापच ठेंगणे म्हणून बेताच्या अंगाची, पण ठणठणीत असतात. आणि काही अशी असतात की दिवस पूर्ण मिळाले, वाढण्याची धमकही होती, परंतु शिधा कमी पडला. आपण बोलत आहोत ते या तिसऱ्या जातीच्या बाळांबद्दल.

आता आईच्या शरीराकडे पाहू. दिवस गेले म्हणजे बाईचे शरीर आपला सगळा कारभार बदलते. पहिल्या चार-साडेचार महिन्यांत बाळ अगदीच लहान असते. त्याची मागणी थोडी. त्या काळात आईचे शरीर कणगी भरून घेते. खाल्लेल्यातला काही भाग चरबीच्या रूपाने मांड्यांवर, कमरेवर साठवते. रक्तही वाढू लागते. शेवटच्या महिन्यांपर्यंत ते नेहमीपेक्षा चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढते.

पुढच्या निम्म्या काळात कारभार उलटा फिरतो. आपल्या सर्वांच्या रक्तात जी साखर असते, तिला स्नायूंत आणि चरबीत शिरायला इन्शुलिन नावाचा रस मदत करतो. पाचव्या महिन्यानंतर आईच्या शरीरात असे काही रस तयार होतात, की त्यांच्यामुळे तिचे स्नायू इन्शुलिनचे म्हणणे पूर्वीसारखे ऐकत नाहीत. साखर तिच्या अंगात चटकन शिरत नाही, रक्तातच फिरत राहते. आई स्वतः साठवलेली चरबी जाळून आपले भागवू लागते आणि साखर बाळासाठी मागे ठेवते. आपल्याकडे पूर्वी घरची माणसे नाचणीची भाकरी खात आणि चांगला तांदूळ पाहुण्यासाठी राखून ठेवत, तसाच हा प्रकार आहे. कोणी न शिकवता प्रत्येक आईचे शरीर तो करते.

पण या व्यवस्थेची एक दुखरी बाजू आहे. बाळ रात्रंदिवस घेतच असते. त्याला जेवणाच्या वेळा नसतात. म्हणून गरोदर बाई उपाशी राहिली, की तिच्या रक्तातली साखर इतर बायकांपेक्षा फार लवकर उतरते आणि चरबी जळून निघणारी आम्ले रक्तात लवकर वाढतात. साध्या बाईला जो परिणाम व्हायला दीड-दोन दिवसांचा उपास लागेल, तो पोटुशीला एका रात्रीत आणि दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत होऊ लागतो. वैद्यकशास्त्रात याला 'वेगाने येणारी उपासमार' अशा अर्थाचे नाव आहे. आपला मुलूख वारकऱ्यांचा. एकादशी घरोघर पाळली जाते. शिवाय सून सगळ्यांचे झाल्यावर जेवते, सकाळी चहाच्या घोटावर शेतात जाते आणि दुपारी दोनला तिच्या पोटात पहिला घास पडतो, असे आजही कितीतरी घरांत चालते. त्या घरात धान्याची कमतरता असेलच असे नाही. पण घड्याळाकडे पाहिले तर बाळाला रोज अर्धा दिवस उपास घडतो आहे.

आता आईकडून बाळाकडे माल जातो कसा, ते पाहू. आईचे रक्त सरळ बाळाच्या अंगात जात नाही. मधे वार असते. तिला पुस्तकांत अपरा म्हणतात, पण आपल्या बायकांचा 'वार' हाच शब्द चांगला. दिवस भरले म्हणजे वारेचे वजन सुमारे अर्धा किलो होते. तिच्या आत झाडाच्या मुळ्यांसारखे असंख्य बारीक फाटे असतात. ते सगळे उलगडून पसरले तर दहा-बारा चौरस मीटर, म्हणजे एका खोलीएवढी जागा व्यापतील. एका बाजूने आईचे रक्त या फाट्यांना न्हाऊ घालते. दिवस भरत आले की गर्भाशयाकडे मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त येत असते. फाट्यांच्या आत बाळाचे रक्त खेळते. देवघेव मधल्या पातळ पडद्यातून होते.

ही देवघेव दोन तऱ्हांची असते. लोणावळ्याच्या माणसाला ती समजावून सांगायला सोपी आहे, कारण आपल्या दारात बोरघाट आहे. लोणावळ्याहून कर्जतकडे जाणारी गाडी उतारावर आपल्या वजनानेच निघते. तिला ओढावे लागत नाही, आवरावे लागते. पण कर्जतहून वर येणाऱ्या लांबच्या गाडीला मागून आणखी इंजिने लावतात, तेव्हा ती घाट चढते.

साखर ही घाट उतरणारी गाडी आहे. आईच्या रक्तात साखर जास्त, बाळाच्या रक्तात कमी. त्या उतारावरून ती आपोआप खाली येते. दिवस भरत आलेले तीन किलोचे बाळ दिवसाला वीस-पंचवीस ग्रॅम साखर अशी उतरवून घेते. पण प्रथिनांचे जे सुटे घटक असतात, ज्यांपासून बाळाचे मांस, यकृत, हृदय बनते, त्यांची तऱ्हा उलटी आहे. ते बाळाच्या रक्तात आईच्या रक्तापेक्षाही जास्त असतात. म्हणजे त्यांना चढावर न्यावे लागते. ते काम वार करते, आणि त्यासाठी तिला स्वतःला इंधन व प्राणवायू लागतो. गर्भाशयाकडे आलेल्या प्राणवायूतला मोठा वाटा वारच खाऊन टाकते. घाटातल्या इंजिनांनाही फुकट चढता येत नाही.

हे ध्यानात आले म्हणजे शिधा कमी पडण्याचे प्रकार आपसूक उलगडतात. एक तर आईच्या रक्तातच माल कमी : ती स्वतः कृश, तिच्या रक्तात लोह कमी, दोन बाळंतपणांत अंतर कमी, वय कोवळे. दुसरे, रस्ता अरुंद. गरोदरपणाच्या पहिल्या निम्म्या काळात गर्भाशयातल्या बारीक वळणदार रक्तवाहिन्या रुंद व्हायच्या असतात. त्या नीट रुंद झाल्या नाहीत, तर पुढे मागणी वाढेल तेव्हा रक्त पुरत नाही. ज्या बायकांचा रक्तदाब गरोदरपणात चढतो, त्यांच्यात पुष्कळदा हेच झालेले असते. तिसरे, वाटेत विष : मिश्री, तंबाखू, चुलीचा कोंडलेला धूर. मिश्री लावणाऱ्या बाईला वाटते की आपण ती गिळत तर नाही. पण हिरड्यांतून तंबाखूचे सत्त्व रक्तात जाते आणि बाळाच्या वाट्याचे रक्त आवळले जाते.

म्हणून सासूबाईंना आणि नवऱ्यांना माझी एक विनवणी आहे. बाळ बारीक झाले की "हिने खाल्लंच नाही" असे म्हणून मोकळे होऊ नका. कधी कधी ती पोटभर खात असते, आणि तरीही वार कमजोर असल्याने ते बाळापर्यंत पोचत नाही. तिथे दोष कोणाचाच नसतो, आणि जास्त तूप खाऊ घालून तो दूरही होत नाही. अशा वेळी दवाखान्यातली देखरेख हाच उपाय असतो.

पोटातल्या अशा बाळांचा जमाखर्च प्रत्यक्ष मोजला गेला आहे. इटलीतल्या मिलान शहरी १९९० च्या आसपास आणि पुढच्या दशकात डॉक्टरांनी वाढ खुंटलेल्या बाळांच्या नाळेतल्या रक्ताचे नमुने तपासले. प्रथिनांचे घटक बाळाच्या रक्तात जेवढे असायला हवेत तेवढे नव्हते; चढावरची गाडी मधेच थांबत होती. साखरेच्या बाबतीत आई आणि बाळ यांच्यातला उतार नेहमीपेक्षा जास्त झालेला दिसला, आणि दुखणे जितके जास्त तितका उतार जास्त. म्हणजे बाळ आपल्या रक्तातली साखर खाली उतरू देते, कारण त्यामुळे आईकडून ती जास्त ओढली जाते. स्वतः आणखी कमीत राहून ते पुरवठा चालू ठेवते. त्याच्या अंगातले इन्शुलिनही कमी होते. पोटातल्या बाळाला इन्शुलिन हे वाढीच्या खतासारखे असते. खत कमी पडले की वाढ मंदावते, आणि वाढ मंदावली की खर्च कमी होतो. बाळ आपले अंथरूण पाहून पाय आखडते.

आणि खर्च करायचा तो कुठे? पाऊस दगा देतो तेव्हा धरणातले पाणी कसे वाटतात ते आठवा. पिण्याचे पाणी आधी. मग शेती आणि कारखाने. बाळाचे पिण्याचे पाणी म्हणजे मेंदू. नवजात बाळ निजलेले असताना जी शक्ती खर्च करते, तिच्यातला निम्म्याहून अधिक वाटा एकटा मेंदू घेतो. म्हणून टंचाई आली की बाळाचे शरीर मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या मोकळ्या करते, हृदय सांभाळते, आणि यकृत, मूत्रपिंडे, स्वादुपिंड, हातापायांचे स्नायू यांच्या वाट्याला कात्री लावते. नाळेतून येणारे रक्त एरवी बरेचसे यकृतातून फिरून जाते. टंचाईत ते यकृताला वळसा घालून अधिक प्रमाणात सरळ हृदयाकडे आणि मेंदूकडे धाडले जाते. दवाखान्यात पोटावर यंत्र फिरवून रक्ताची चाल पाहतात, तेव्हा डॉक्टर हेच तपासत असतात : नाळेत अडथळा किती आहे आणि बाळाने पाणीवाटप कधी सुरू केले.

म्हणून अशा बाळाचे डोके अंगाच्या मानाने मोठे दिसते, पोट लहान, दंड-मांड्या काड्यांसारख्या. त्याच्या यकृतात साखरेचा साठा कमी, अंगावर ऊब धरणारी चरबी बेताची. म्हणूनच जन्मल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत त्याच्या रक्तातली साखर एकाएकी उतरण्याचा आणि ते गारठण्याचा धोका असतो. आणि टंचाई सोसण्यापलीकडे गेली, तर काही बाळे पोटातच दगावतात. विषय निव्वळ वजनाचा नाही, हे ध्यानी यावे म्हणून हे कटू सत्य सांगतो.

आता आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट. मावळ हा जिल्ह्याचा पावसाळी पश्चिम भाग. जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या, अवर्षणाच्या पट्ट्यातल्या सहा गावांत पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने १९९३ साली एक अभ्यास सुरू केला. 'पुणे माता पोषण अभ्यास' म्हणून तो जगभर ओळखला जातो. दिवस जाण्याआधीपासून बायकांच्या नोंदी ठेवल्या, गरोदरपणी त्यांचे खाणे, काम, रक्त तपासले, बाळे जन्मताच मोजली, आणि त्या मुलांचा पाठपुरावा ती मोठी होईपर्यंत केला. या आया सरासरी पाच फूटच उंच आणि अंगाने बारीक होत्या. गरोदरपणात त्यांच्या पोटात रोज सरासरी सुमारे १,७५० उष्मांक आणि ४५ ग्रॅम प्रथिने जात.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या डॉ. शोभा राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आयांच्या खाण्याचा हिशेब २००१ साली मांडला. आपली अपेक्षा अशी की जी जास्त जेवली तिचे बाळ मोठे. पण एकूण उष्मांक आणि प्रथिने यांचा बाळाच्या आकाराशी ठळक संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे यांचा. या गोष्टी वारंवार खाणाऱ्या आयांची बाळे भरलेली होती. तसेच शेतातली आणि घरातली जड कामे जिच्यावर जास्त पडली, तिचे बाळ लहान झाले. पुढे २०१३ साली याच अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली : बाळाच्या आकाराशी आईच्या रक्तातल्या साखरेचा जसा संबंध आहे, तितकाच तिच्या रक्तातल्या चरबीचाही आहे. बाळाचा शिधा म्हणजे केवळ साखर नव्हे.

या गावांतली बाळे इंग्लंडच्या साउदॅम्प्टन शहरातल्या बाळांशी ताडून पाहिली. तिकडचे बाळ सरासरी साडेतीन किलोचे, आपले दोन किलो सातशे. पण नवल पुढेच आहे. आपल्या बाळांचे पोट आणि दंड फारच लहान होते. डोके त्या मानाने कमी लहान. आणि पाठीवरच्या कातडीखालची चरबी जवळजवळ त्यांच्याएवढीच! म्हणजे आपले बाळ दिसायला रोडके, पण मांस कमी आणि मेद राखलेला. काटकसरीत त्याने स्नायूंना आणि पोटातल्या अवयवांना चाट दिली, मेद मात्र धरून ठेवला. मोठेपणीही ही ठेवण सुटत नाही. याज्ञिकांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली आपलाच दाखला छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे; पण युडकिनांच्या अंगात चरबी नऊ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात एकवीस टक्के.

यात काय बिघडले, असे कोणी विचारील. बिघडते ते असे. पोटात असताना शिकलेली काटकसर शरीर आयुष्यभर विसरत नाही. साखर जिरवायची ती स्नायूंनी, ते कमी. इन्शुलिन तयार करायचे ते स्वादुपिंडाने, ते लहान. आता अशा माणसाच्या पुढ्यात गोडधोड आणि बसून खाणे आले, की मधुमेह लवकर गाठतो. इंग्लंडात डॉ. डेव्हिड बार्कर यांनी हर्टफर्डशायर परगण्यातल्या, १९११ पासून नीट ठेवलेल्या बाळंतपणाच्या जुन्या नोंदवह्या शोधून काढल्या आणि १९८९ साली दाखवून दिले की, जन्मताना हलके असलेले पुरुष पुढे हृदयविकाराने अधिक दगावले. पुण्यात के. ई. एम. रुग्णालयात जन्मलेल्या मुलांची तपासणी त्यांच्या आठव्या वर्षी केली. तो वृत्तांत १९९९ साली प्रसिद्ध झाला. सर्वांत जास्त धोक्याची चिन्हे कोणात दिसली? जन्मताना लहान आणि आठव्या वर्षी अंगाने मोठी झालेली, अशा मुलांत. आजी म्हणाली होती, "खाईल-पिईल आणि वाढेल." वाढू द्यावेच, पण ते हाडामांसाने आणि उंचीने, पोटाच्या घेराने नव्हे.

तर मग करावे काय? पहिली गोष्ट, वेळ. पुणे अभ्यासातून सुचलेला विचार मुंबईतल्या झोपडवस्त्यांत २००६ ते २०१२ या काळात पारखून पाहिला गेला. बायकांना दिवस जाण्याआधीपासून रोज पालेभाजी, फळे आणि दूध घालून केलेला एक खाऊ दिला. ज्यांनी दिवस जाण्याच्या किमान तीन महिने आधी तो सुरू केला, त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने जड भरली. आकडा लहान आहे, आणि फार कृश बायकांना त्याचा लाभ तितका दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण गरोदरपणातला मधुमेह मात्र शंभरात बारा बायकांवरून सातांवर आला. यावरून कळते की बाळाच्या शिध्याची तजवीज सातव्या महिन्यात डोहाळेजेवणाला सुरू करून भागत नाही. ती मुलगी आठवी-नववीत असतानाच सुरू व्हावी लागते.

शिक्षकहो, इथे तुमचे काम येते. आठवीच्या वर्गात बाकावर बसलेली मुलगी ही उद्याच्या बाळाची कणगी आहे. तिला शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी ती खरोखर गिळते की दप्तरात टाकते, ते पाहा. अठरा वर्षांआधी तिचे लग्न घाटत असेल, तर घरी जाऊन बोला. जिची स्वतःची हाडे अजून वाढत आहेत, तिच्या शिध्यात बाळ वाटेकरी होते.

घरच्या माणसांसाठी चार गोष्टी. मावळात पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली अशा रानभाज्या बांधावर उगवतात. त्या पोटुशीच्या ताटात आधी जाव्यात. दूध, दही, ताक, आणि खाणाऱ्यांच्या घरी अंडी, मासळी, सुकट असू द्या. पुणे अभ्यासातल्या दोन-तृतीयांश आयांच्या रक्तात ब-१२ हे जीवनसत्त्व कमी होते, आणि ते भाजीपाल्यात नसते; दुधात आणि मांसाहारात असते. दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या न चुकता घ्याव्यात; पण त्यांच्या जोडीला ब-१२ हवे की काय, ते डॉक्टरांना विचारावे. कारण आईत फॉलिक भरपूर आणि ब-१२ कमी असेल, तर मुलांच्या अंगात सहाव्या वर्षी इन्शुलिन नीट काम करीत नाही, असे याच अभ्यासाने २००८ साली दाखवले.

दुसरी गोष्ट, दिवसातून तीन जेवणे आणि मधे दोनदा काहीतरी पोटात. रात्री निजताना कपभर दूध, सकाळी उठल्यावर लगेच घासभर भाकरी. देवाला सुनेचा उपास नको असतो. तिच्या वाटणीची एकादशी सासूबाईंनी करावी. तिसरी, आषाढात भाताची लावणी जोरात असते तेव्हा दिवस भरत आलेल्या बाईला चिखलात वाकवू नये. दुपारी दोन तास तिला आडवे होऊ द्यावे. चौथी, "कमी खा, म्हणजे बाळ लहान राहील आणि सुटका सोपी होईल" ही समजूत सोडून द्यावी. लहान बाळाने सुटका सोपी होईलच असे नाही; बाळाचा धोका मात्र वाढतो.

दवाखान्यात नाव लवकर, तिसऱ्या महिन्याच्या आत घालावे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. तिथे वजन, रक्तदाब, रक्त आणि लघवी तपासतात. साध्या फितीनेही बरेच कळते : सहाव्या महिन्यानंतर जितके आठवडे झाले, साधारण तितके सेंटिमीटर पोट वर आलेले भरते. फीत फार मागे पडू लागली तर पुढची तपासणी करावी. आणि काही खुणा आईने स्वतः ओळखायच्या. बाळाचे हलणे मंदावले, तोंडावर सूज आली, डोके फार दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर 'उद्या पाहू' म्हणू नये. त्याच दिवशी गाडी करावी.

बाळ बारीक जन्मले, तरी हातपाय गाळू नयेत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून तयार केले आणि १९९९ साली जगाला दाखवले की, ऊब, अंगावरचे दूध आणि वेळेवर उपचार यांच्या जोरावर खेड्यातल्या घरातही नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणता येतात. पहिल्या तासातच बाळाला अंगावर घ्यावे. पहिला चीक फेकू नये. मध, गूळपाणी, गुटी काही चाटवू नये. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालावे, आणि आंघोळीची घाई करू नये. आशाताई घरी येतात तेव्हा त्यांना बाळाचे वजन करू द्यावे. पुढे सहा महिने नुसते आईचे दूध, मग घरचा मऊ भात, वरण, भाजी, अंडे. बिस्किटे आणि पाकिटातला खाऊ यांनी पोट सुटते, दंड भरत नाहीत.

आजीबाई म्हणतात ते खोटे नाही. बारीक बाळ काटक असते. उपाशी राहून घर सावरावे तसे त्याने आपले अंग सावरलेले असते. पण पुढच्या बाळावर ती पाळी येऊ नये, एवढे आपल्या हाती आहे. बाळंतपण झाल्यावर "वजन किती भरलं?" हे आपण विचारतोच. त्याच्या कितीतरी महिने आधी, दुपारी बाराच्या सुमारास, घरातल्या कोणीतरी विचारायला हवे, "सूनबाई, तू जेवलीस का?"